नाव दिलेला माणूस

बैलगाड्यांच्या घाटात पळतात बैल, पण निम्मी माणसं यायची ती भरतला ऐकायला. पोस्टरवर ठळक अक्षरांत 'घाटाचा आवाज : भरत डिंगोरेकर' असायचं आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत 'साउंड : जयवंत'. त्या मुंगीबद्दल जयवंताची कधी तक्रार नव्हती. कैक वर्षं दोघं एकाच पिकअपमधून जुन्नर-आंबेगावचे घाट फिरत होते. एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं ते दोन टेकड्यांपलीकडे पोचवायचं, अशी वाटणी होती. जयवंत स्वतः माइकवर 'हॅलो, हॅलो, चेक' याच्यापुढे एक शब्द बोललेला नव्हता. तेवढं बोलतानाही त्याचे कान लाल व्हायचे, आणि भरत त्याच्या हातातला माइक काढून घेत म्हणायचा, "बास राव, पब्लिक उठून जाईल."

दोघंही डिंगोऱ्याचे. भरत बागायतदारांच्या घरातला, जयवंत बौद्धवस्तीतला. शाळेत एका बाकावर बसले होते आणि पुढे एका गाडीत बसायला लागले, एवढाच काय तो फरक पडला होता. भरतच्या घरी जयवंताला चहा मिळायचा, जेवणही मिळायचं. घरातल्या गोष्टी ठरताना मात्र तो आपणहून अंगणात जाऊन उभा राहायचा. कुणी जा म्हणत नव्हतं आणि कुणी थांबही म्हणत नव्हतं.

भरतला एक दुखणं होतं. मधली काही वर्षं चांगली जायची आणि मग एकदम त्याची झोप उडायची. बोलणं थांबायचं नाही, पाय थांबायचे नाहीत, आपल्याला अशक्य असं काही उरलंच नाही अशी त्याची खात्री व्हायची. मग एक दिवस कोसळायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या घेतल्या की माणूस सरळ असायचा. गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्याची आई साळुबाई दर वेळी 'कावीळ झालीया' म्हणून सांगायची. भरतला इतक्या वेळा कावीळ कशी होते, हे विचारायचं गावाला कधी सुचलं नाही हे नशीबच म्हणायचं.

मागच्या वेळी थोरल्या भावानं, सयाजीनं, त्याला गोठ्याच्या खांबाला कासऱ्यानं बांधून घातलं. सयाजी दुष्ट नव्हता. तो घाबरला होता, आणि घाबरल्यावर त्याला जनावरं आवरायची तेवढी एक रीत येत होती. देवऋषी येऊन गेला, लिंबं कापून झाली, आणि भरतच्या मनगटांवरची सालटी निघाली तेव्हा त्याची बायको आरती जयवंताच्या दारात येऊन उभी राहिली. दोघांनी त्याला पिकअपमध्ये घालून पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथून सोडताना डॉक्टरांनी एक गोष्ट समजावून सांगितली. आता कायदा असा आहे, की माणूस शुद्धीवर असतानाच सांगून ठेवू शकतो, माझं डोकं ताब्यात नसेल तेव्हा माझ्या वतीनं अमक्यानं बोलायचं. कायद्यात त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. भरत तेव्हा बरा झाला होता. हा शब्द माइकवर फुटेल, असं म्हणून तो हसला. मग आरतीकडे बघितलं, जयवंताकडे बघितलं, आणि जयवंताचं नाव सांगितलं.

"दादा मला बांधंल," तो म्हणाला. "आरती खंबीर हाय, पण मी गोड बोललो की विरघळंल. तू बोलत न्हाईस, पण हलत बी न्हाईस. तूच बरा."

आरतीला राग आला नाही. उलट तिच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं तिनं मान हलवली. जयवंतानं सही केली आणि तो ते विसरून गेला. नाव दिलेल्या माणसाला कधीतरी खरोखर उभं राहावं लागतं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

यंदा चैत्रात पारगावच्या अंगाला मुक्ताईवाडीची यात्रा होती, घाट दोन दिवसांचा. पहिल्या दिवशी भरत माइकवर आला आणि जयवंताच्या अंगावर काटा आला. असला आवाज त्यानं भरतच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. घाट म्हणजे चढाची लांब धावपट्टी. खालून चार बैलांचा गाडा सुटतो, पुढं घोडी पळते, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं वरच्या निशाणापाशी येतं. एका गाड्याच्या एका धावेला बारी म्हणतात. तेवढ्या एका बारीत भरत मालकाच्या आज्याचं नाव घ्यायचा, बैलाची आई कुठल्या बाजारातून आणली ते सांगायचा, घोडीवरच्या पोराची थट्टा करायचा आणि वर यमक जुळवून टाळी घ्यायचा. समोर कागदाचा कपटाही नाही. पब्लिक पागल झालं. म्हातारे फेटे उडवत होते, पोरं मोबाइल वर धरून उभी होती.

भरत दिवसभर टेकला नव्हता, जेवायला बसला नव्हता, शर्ट भिजून अंगाला चिकटला होता, हे जयवंतानं पाहिलं. पाहिलं आणि मिक्सरवरचा आवाज आणखी थोडा चढवला. कारण पब्लिकसारखा तोही खूश होता. मजा येत होती, उगाच खोटं कशाला बोला.

दुपारी आरतीचा फोन आला. नवरा काही दिवस झोपलेला नव्हता. गोळ्या त्यानं हंगाम सुरू झाल्यापासून घेतल्याच नव्हत्या. गोळीनं जीभ जड होते, घाट कसा मारणार, असं त्याचं म्हणणं. जयवंत तिला म्हणाला की वहिनी, उद्याचा एक दिवस जाऊ द्या, परवा मी स्वतः त्याला पुण्याला घेऊन जातो. हे बोलताना त्याला ते मोठं शहाणपणाचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी भरतचं बोलणं बदललं. बैल आपल्याशी बोलतात, असं तो सकाळी म्हणाला, आणि लोक हसले. अमक्या बैलानं रात्री मला स्वतःचं खरं नाव सांगितलं, असं म्हणाला, आणि मालकानं येऊन त्याच्या गळ्यात हार घातला. मग ऊन चढल्यावर तो स्टेजच्या पार कडेला आला, एक हात वर केला आणि सगळा घाट चिडीचूप झाला.

"बैल पळत न्हाईत, मंडळी. माझा आवाज त्यांना वढतो. आन् जो वढतो, तो थांबवतो बी. शेवटच्या बारीला मी घाटात मधोमध उभा ऱ्हाणार. गाडा सुटंल, आन् माझ्या छातीपाशी येऊन थांबंल."

जी शिट्टी उठली ती उठली. यात्रा कमिटीचा अध्यक्ष कुशाबा तर धावत स्टेजवर आला आणि त्यानं भरतला मिठी मारली. असं कुठल्याच घाटात झालं नव्हतं. कमिटीच्या पोरांनी लगोलग ते सगळ्या ग्रुपवर टाकलं. एका माणसाचा जीव जायचा बेत पोरांनी कार्यक्रमपत्रिकेत घालून टाकला, आणि आळेफाट्यापासून गाड्या भरून लोक ते बघायला निघाले.

जयवंतानं भरतला स्टेजमागं ओढलं. भरतनं त्याच्या गळ्यात पडून आधी रडून घेतलं, मग हसला, आणि आज तुलाही दिसेल जयवंता, आजवर तुला नुसतं ऐकू आलं, असं काहीतरी म्हणून परत माइककडे पळाला. त्याचे हात तव्यासारखे तापले होते.

मग जयवंत कुशाबाकडे गेला. दुखण्याचं नाव घ्यायचं त्याच्या जिवावर आलं. इतकी वर्षं ते त्यानं स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. भरतची तब्येत बरी नाही, एवढंच तो कसंबसं म्हणाला. कुशाबानं त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही यालाच ऊन लागलंय. असा खणखणीत आवाज आजारी माणसाचा असतो होय, असं त्यानं विचारलं. शिवाय हा ष्टंट आहे, ऐनवेळी उडी मारून बाजूला होईल, कलाकार माणूस आहे, तू तुझे कर्णे सांभाळ. बाजूचे चार जण हसले.

तेवढ्यात आरती आली. यष्टीनं फाट्यापर्यंत, तिथून कुणाच्या तरी टेम्पोतून, पदराला धूळ, तोंड उतरलेलं. तिला काही सांगावं लागलं नाही, कर्ण्यातून तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं जयवंताला एकच विचारलं, आता काय करायचं भाऊजी. आणि जयवंताच्या लक्षात आलं की हा प्रश्न खरोखर त्यालाच आहे.

बंदोबस्ताला आलेल्या फौजदार मॅडम मंडपाच्या सावलीला उभ्या होत्या. वयानं फार नव्हत्या, पण घाईत नव्हत्या. दोघांचं बोलणं त्यांनी मध्ये न तोडता ऐकलं. झोप कधीपासून नाही, गोळ्या कुठल्या, आधी कधी असं झालं होतं, तेव्हा काय केलं, असं एकेक विचारलं. मग म्हणाल्या की शेवटची बारी मी बंद करू शकते, ते सोपं आहे. पण ती बंद केली तर हा माणूस उद्या रस्त्यावर जाऊन ट्रक थांबवेल.

"कायदा मला असं सांगतो," त्या म्हणाल्या, "की मानसिक आजारामुळं माणसाच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, असं मला खरंच वाटलं, तर मी त्याला संरक्षणात घ्यायचं. अटक नाही. लॉकअप नाही, बेडी नाही. का नेतोय ते त्याला सांगायचं, आणि सरळ जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. पुढचं डॉक्टर ठरवतात. पण खरंच वाटायला पाहिजे, उगाच कुणी म्हणतं म्हणून नाही. मला तर तो इथल्या सगळ्यांपेक्षा मजेत दिसतोय."

आरतीनं सांगितलं की त्यांनी स्वतः बरे असताना यांचं नाव देऊन ठेवलंय. मॅडमनी जयवंताकडे पाहिलं.

"मग तुम्ही सांगा. कागद मागाहून बघू. हा आजार आहे का ष्टंट?"

प्रश्न सोपा होता, पण दोन्ही उत्तरं वाईट होती. होय म्हटलं तर ज्याच्या आवाजाला त्यानं कान दिले, ज्याच्या जिवावर त्याचं घर चाललं, त्याला पोलिसांच्या गाडीत बसवायचं. नाही म्हटलं तर बैल. त्यानं आरतीकडे बघितलं, ती खाली बघत होती.

"आजार हाय," तो म्हणाला.

हे ऐकायला नेमका सयाजी मागं उभा होता. धाकट्या भावाचं कौतुक बघायला तो डिंगोऱ्याहून मुद्दाम आला होता, नवा सदरा घालून. त्याचा चेहरा पडला आणि मग लाल झाला.

"आमच्या घरातला माणूस येड्यांच्या दवाखान्यात घालायला तुला कुणी सांगितलं रं? उद्या समृद्धीचं लगीन कोण जमवंल, तू? आन् आमच्या घरचं आता तुमच्या आळीनं ठरवायचं का?"

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर सयाजी स्वतःच जरा चपापला. जयवंताला ते लागलं. लई लागलं. समृद्धी म्हणजे भरतची पोरगी, तिच्या पाचवीला कर्णा लावला होता तो जयवंतानं. इतकी वर्षं अंगणात उभं राहिल्याचा त्याला कधी त्रास झाला नव्हता, तो त्या क्षणी झाला. पण बोलली आरती, तीही दिराकडे न बघता.

"त्यांनी नाव भाऊजींचं दिलंय. माझं दिलं न्हाई, तुमचं बी न्हाई. मला वाईट वाटलं न्हाई, तुमी बी वाटून घेऊ नका."

मॅडम म्हणाल्या की कायदा रक्त विचारत नाही, त्या माणसानं कुणाला सांगितलं ते विचारतो. सयाजीला ते पटलं नाही, पण वर्दीपुढं तो थांबला. भरत पाणी प्यायला खाली उतरला की शांतपणे बोलायचं, दोन हवालदार लांब उभे राहतील, असं ठरलं. ठरायला आणि कर्णे गरजायला एकच गाठ पडली.

"वाट कुणासाठी बघायची? शेवटची बारी आत्ताच घिऊ!"

घाट उसळला. खाली गाडा जुंपायला घेतला होता, घोडी पुढं नाचत होती, आणि आठ-दहा गडी चार बैलांना दाबून धरून होते. भरत कॉर्डलेस माइक घेऊन स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागला. जयवंत पळत मिक्सरपाशी पोचला. त्याला वाटलं, आवाज गेला की खेळ गेला. त्यानं बटण दाबलं आणि सगळे कर्णे एकदम मुके झाले.

भरत पायरीवर थांबला. माइकवर दोनदा टिचकी मारली, मग मागं वळून मिक्सरकडे बघितलं. त्यानं हात जोडले नाहीत, शिवी दिली नाही. माइक तसाच हातात धरून तो उरलेल्या पायऱ्या उतरला, बांबूच्या कठड्याखालून वाकून आत शिरला आणि घाटाच्या मध्यावर जाऊन खालच्या बैलांकडे तोंड करून उभा राहिला. पब्लिक आधी जयवंताच्या नावानं ओरडत होतं, आता भरतच्या नावानं ओरडायला लागलं. फौजदार मॅडम कठड्याकडे धावत होत्या, पण मध्ये माणसांची भिंत होती आणि त्यांचं ओरडणं कुणाला ऐकू जात नव्हतं. खाली एका बैलानं मान हिसडली आणि धरलेला गडी फरपटला.

टेबलावर तपासणीचा वायरचा माइक पडलेला होता. जयवंतानं तो उचलला आणि तेवढी एक लाइन चालू केली.

"हॅलो," तो म्हणाला. तेवढंच सवयीचं होतं. पुढचं कुणी शिकवलेलं नव्हतं. "गाडा सोडू नका. मी जयवंत, साउंडवाला. बैल धरा. हा ष्टंट न्हाई. भरत आजारी हाय. त्याला डोक्याचं दुखणं हाय, लई वर्सापासून हाय. तो झोपल्याला न्हाई, गोळ्या घेतल्याल्या न्हाईत. त्याला कळत न्हाई तो काय करतोय. हात जोडतो तुमाला. बैल धरा."

आवाज चिरका होता, मध्येच फाटला, आणि चढवून ठेवलेला असल्यानं दोन टेकड्यांपलीकडे व्यवस्थित पोचला. घाटातली माणसं हळूहळू गप झाली. खालच्या गड्यांना भरतचा आवाज अपेक्षित होता. हा भलताच कुणीतरी रडवेला माणूस बोलतोय म्हटल्यावर त्यांनी आधी दचकून वर बघितलं आणि मग सगळ्यांनी मिळून बैलांच्या माना दाबल्या. चार पावलं बैलांनी त्यांना ओढत नेलं, पण गड्यांनी सोडलं नाही. घोडीवरचं पोर खाली उतरलं.

भरत वळला. इतका वेळ तो स्वतःच्या आनंदात कुठंतरी उंच होता, आणि कर्ण्यातून स्वतःचं नाव ऐकून एकदम जमिनीवर आला. त्याच्या तोंडाकडे जयवंताला बघवलं नाही.

सयाजी कठड्यावरून उडी मारून आत आला होता. एवढ्यात कुणीतरी त्याच्या हातात कासरा दिला. घाटात दोराला काय तोटा. बांधा त्याला, धरा त्याला, असं तो ओरडत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दहा मिनिटांपूर्वी ज्याला काहीच झालं नव्हतं, त्याला आता बांधायचं होतं. काही झालेलं नाही, नाहीतर बांधा. मधलं काही त्या घराला कधी ठाऊकच नव्हतं.

फौजदार मॅडम भरतच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या होत्या, बैलांकडे पाठ करून. त्यांनी सयाजीला एका हातानं थांबवलं.

"दोर नको," त्या म्हणाल्या. मग भरतला, "मी तुम्हाला अटक करत नाहीये. तुम्ही आजारी आहात आणि तुमच्या जिवाला धोका आहे, असं मला वाटतंय, म्हणून दवाखान्यात नेतेय. तुमच्या बायको येतील, हे जयवंत येतील. चला."

भरत चालायला लागला. कुणी हात लावला नाही. घाटाच्या दोन्ही अंगांना लोक उभे होते आणि पोरांचे मोबाइल अजून वरच होते.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, पण ऐकून घेणारा होता. भरत गाडीत बसल्यापासून परत चढला होता; मिनिटभर हसत होता, मिनिटभर दार ढकलत होता, नर्सबाईंच्या सात पिढ्या बैलांच्या चालीवर सांगत होता. डॉक्टरनं जयवंताला बाजूला घेतलं. आत्ता शांत करायचं इंजेक्शन द्यावं लागेल आणि पुण्याला हलवावं लागेल, असं सांगितलं. अशा वेळी तातडीचे उपचार इथं करता येतात, पण फार तर तीन दिवस. तोवर मानसोपचाराच्या दवाखान्यात तपासणी व्हायला हवी, तिथं दोन जण तपासून पुढचं ठरवतील. कायमचं कुठं डांबणं वगैरे काही नसतं. पेशंट नको म्हणतोय, तेव्हा त्यानं नेमलेल्या माणसाची संमती हवी.

भरतनं ते ऐकलं. हसणं थांबलं. खाटेवरून उतरून तो जयवंतापुढं आला आणि त्यानं खरोखर हात जोडले.

"जयवंता, ते देऊ नगं. माझा आवाज जातो रं त्यानं. उद्यापासून मी गोळ्या खातो, तुझी शपथ. तू न्हाई म्हन. तुझं ऐकत्यात ते."

आरती दाराबाहेर भिंतीला टेकून तोंडात पदर धरून उभी होती. सयाजी लांब बाकावर. जयवंताला भडभडून आलं. नको म्हणावं, त्याला पिकअपमध्ये घालावं आणि घरी न्यावं, रात्रभर शेजारी बसावं, असं त्याला मनापासून वाटलं. भरत जे मागत होता त्यात वावगं काहीच नव्हतं, आपला आवाज कुणाला नको असतो? पण भरतनं त्याचं नाव दिलं होतं ते याच क्षणासाठी, आणि ते देणारा भरत आत्ता समोर नव्हता.

"द्या," तो डॉक्टरला म्हणाला.

भरत त्याच्याकडे बघत राहिला, इंजेक्शन चढून पापण्या मिटेपर्यंत.

पुण्याचा मुक्काम चार-पाच आठवड्यांचा झाला. यात्रांचा हंगाम तेवढ्यात उलटून गेला. मुक्ताईवाडीच्या कमिटीनं जयवंताचा नाद सोडला, दुसऱ्या दोन गावांनीही सोडला. ऐन घाटात कर्णे बंद करणारा साउंडवाला कुणाला हवा होता? कुशाबा मात्र एकदा रस्त्यात भेटला तेव्हा गाडी थांबवून उतरला, काहीतरी बोलायचं म्हणून उभा राहिला आणि न बोलताच परत गाडीत बसला. जयवंताची बायको स्वप्ना त्याला रोज विचारायची, भरतभाऊंना भेटायला का जात नाही. तो जायचा. बाहेर आरतीला भेटायचा, डॉक्टरांना भेटायचा. आत गेला की भरत भिंतीकडे वळायचा.

सोडायच्या दिवशी सगळे डॉक्टरांच्या खोलीत बसले होते. भरत बारीक झाला होता. बोलणं सावकाश होतं, पण सरळ होतं. गोळ्या कशा घ्यायच्या ते त्यानं स्वतः परत म्हणून दाखवलं. मग डॉक्टरांनी विचारलं, तुमचा प्रतिनिधी म्हणून यांचं नाव आहे, तुम्हाला ते कधीही बदलता येतं, बदलायचं आहे का. सयाजी खुर्चीत पुढं सरकला. जयवंतानं मनाची तयारी केलेली होती.

भरतनं आधी खुर्ची जयवंताकडे फिरवली. मग तो जयवंताशी बोलला, त्या इंजेक्शननंतर पहिल्यांदा.

"समृद्धीच्या शाळेत पोरं तो व्हिडिओ लावत्यात. त्यात मी नुसता उभा हाय. आवाज तुझा हाय."

"तू मेला असतास," जयवंत म्हणाला.

"ठावं हाय." भरतनं मान हलवली. "नुसता माइक बंद करून थांबला असतास तर मी तुला माफ केलं असतं, आन् मेलो असतो."

डॉक्टर लेखणी हातात धरून थांबले होते. भरत त्यांच्याकडे वळला आणि म्हणाला की नाव हेच राहू द्या, बदलायचं नाही. सयाजीनं तोंड उघडलं आणि आरतीनं त्याच्याकडे बघितल्यावर मिटलं. जयवंताला एकदम इतकं हलकं वाटलं की तो उठलाच. भरतची पिशवी त्यानं उचलली, गाडी दारातच लावलीय, वाटेत नारायणगावला चहा घेऊ, असं काहीतरी बोलायलाही लागला.

"पिशवी ठेव," भरत म्हणाला.

त्यात राग नव्हता, असता तर जयवंताला सोपं गेलं असतं.

"माझं डोकं फिरंल त्या दिवशी तूच ये. दुसऱ्या कुणाला मी येऊ द्यायचा न्हाई. तवा जे करावं लागंल ते कर, माझं ऐकू नगंस. पर मी बरा असंन तवर माझ्या दारात येऊ नगं, जयवंता. तुला बघितलं की मला ते सगळं आयकू येतं."

आरतीनं डोळ्याला पदर लावला. जयवंतानं पिशवी जिथून उचलली तिथं नीट ठेवली, तिचे बंद वर करून.

"बरं," तो म्हणाला. मग दारापाशी थांबून त्यानं आरतीला सांगितलं की वहिनी, माझा नंबर तोच आहे, कधीही लावा.